वाचकांचे प्रश्न : घड्याळ तांदळाच्या डब्यात का गेले?

स्मृतिभ्रंशावरील (म्हणजे डिमेन्शियावरील; अल्झायमर हा त्याचा सर्वाधिक आढळणारा प्रकार) लेखांनंतर ठाणे आणि नवी मुंबई परिसरातून जी पत्रे आली, त्यांतल्या बहुतेक पत्रांचा विषय उपकरणे हा आहे. हरवलेल्या माणसाचा ठावठिकाणा सांगणारे घड्याळ, औषधांची आठवण करून देणारा फोन, घरात बसवलेला कॅमेरा, आपोआप बंद होणारी शेगडी अशा वस्तूंविषयी वाचकांनी विचारले आहे. त्यांपैकी पाच पत्रांना मी, अनेक वर्षे अशा घरांमधून काम केलेली ऑक्युपेशनल थेरपिस्ट (आजार असूनही रोजची कामे करता यावीत यासाठी मदत करणारी उपचारतज्ज्ञ) म्हणून, येथे उत्तरे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. आपल्याकडील स्वमदत गटांमध्ये आजार असलेल्या व्यक्तीला ‘शुभार्थी’ आणि तिची काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणण्याची पद्धत आहे. ‘रुग्ण’ म्हटले की माणूस मागे राहून आजारच पुढे येतो, म्हणून मीही हेच शब्द वापरणार आहे.

प्रश्न : माझ्या सासूबाई ७६ वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांना अल्झायमर असल्याचे निदान झाले. आम्ही नौपाड्यात राहतो. रोज सकाळी कोपिनेश्वराचे दर्शन घ्यायचे, जांभळी नाक्यावर फुले घ्यायची आणि तलावपाळीला एक फेरी मारून घरी यायचे, हा त्यांचा तीस वर्षांचा क्रम आहे. चार महिन्यांपूर्वी त्या वाट चुकून स्टेशनजवळ सापडल्या. तेव्हा यजमानांनी त्यांच्यासाठी ठावठिकाणा सांगणारे घड्याळ आणले; पण त्या ते काढून ठेवतात, आणि एकदा तर ते तांदळाच्या डब्यात सापडले. माझी मुलगी ऐरोलीला अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात शिकते आणि मैत्रिणींसह आजीसाठीच एखादे उपकरण तयार करण्याचा प्रकल्प तिने घेतला आहे. ती म्हणते, आधी आजीलाच विचारू. घरातले बाकी सगळे म्हणतात, जिला पाच मिनिटांपूर्वीचे आठवत नाही तिला विचारून काय मिळणार? तुमचे मत काय? (एक वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर : तुमच्या मुलीचे म्हणणे बरोबर आहे. ते केवळ आजीवरील प्रेमापोटी बरोबर आहे असे नाही, तर अभियांत्रिकीच्या दृष्टीनेही बरोबर आहे.

प्रथम त्या डब्याकडे पाहू. तुम्ही सर्वांनी असे गृहीत धरलेले दिसते की सासूबाईंनी घड्याळ नाकारले, म्हणून ते लपवले. तसे असू शकेल. परंतु मौल्यवान वस्तू तांदळाच्या किंवा डाळीच्या डब्यात ठेवण्याची सवय त्या पिढीतल्या कितीतरी बायकांना होती. मुलाने आणलेली महागाची वस्तू हरवू नये म्हणून त्यांनी ती जपून ठेवली असेल, तर त्यांच्या कृतीचा अर्थ नेमका उलटा होतो. तिसरी शक्यता अशी, की घड्याळ जड आहे, मध्येच आवाज करते आणि रात्री कोणीतरी ते मनगटावरून काढून विजेला लावते. त्यामुळे ते आपले आहे असे त्यांना वाटतच नाही. या तीन कारणांवर तीन वेगळे उपाय आहेत, आणि त्यांतले कोणते कारण खरे हे सांगू शकणारी व्यक्ती तुमच्या घरात एकच आहे.

आता विसरण्याविषयी. अल्झायमरमध्ये मेंदूचा जो भाग नव्या घटना साठवतो, त्याला सहसा सर्वांत आधी इजा होते. म्हणून काल काय बोलणे झाले हे जाते. पण हातांना लागलेली सवय, जुन्या ओळखी, आवडनिवड आणि एखाद्या गोष्टीने वाटलेली भीती किंवा समाधान बराच काळ टिकते. सौम्य आणि मध्यम अवस्थेतील व्यक्ती आपल्या आवडीनिवडींविषयी विचारल्यास सातत्याने तीच उत्तरे देऊ शकतात, हे संशोधनातून दिसलेले आहे. तेव्हा नातीने एकच प्रश्न तीन वेगवेगळ्या सकाळी विचारावा. आजीला आधीचे संभाषण आठवणार नाही, तरीही तिन्ही वेळा उत्तर सारखेच आले, तर ते उत्तर पक्के समजावे. ‘आजी, काल आपण काय ठरवलं होतं, आठवतं का?’ असे मात्र कधीही विचारू नये. तो प्रश्न राहत नाही, ती परीक्षा होते, आणि जन्मभर इतरांच्या परीक्षा घेतलेल्या शिक्षिकेला त्या परीक्षेत रोज नापास होण्याचे दुःख आपण विनाकारण देतो.

पण नुसते विचारणे पुरेसे नाही. खुर्चीत बसवून ‘तुम्हाला कसले उपकरण हवे?’ असे विचारले तर निरोगी माणसालाही उत्तर देता येत नाही. नातीने काही दिवस आजीबरोबर त्या फेरीला जावे, पुढे होऊन वाट दाखवू नये, केवळ सोबत चालावे. आजी कोणत्या खुणांवर वळते? मंदिराचा कळस, फुलवाली, गडकरी रंगायतनची इमारत, की घंटेचा आवाज? कोठे थबकते? रस्ता खणलेला असला, पत्रे लावून वाट वळवलेली असली किंवा ओळखीची फुलवाली त्या दिवशी बसलेली नसली, तर काय होते? वाट चुकण्याचे कारण बहुधा अशा एखाद्या बदललेल्या खुणेत सापडते. आणि मग कदाचित असे लक्षात येईल की घरच्यांची गरज ‘आई कोठे आहे हे आम्हाला कळावे’ ही आहे, तर आईंची गरज ‘मला घरची वाट सापडावी’ ही आहे. ही दोन वेगळी उपकरणे आहेत. बाजारात मिळणारी बहुतेक साधने पहिल्या गरजेसाठी बनवलेली असतात, कारण पैसे देणारा ग्राहक मुलगा असतो.

इंग्लंडमध्ये न्यूकॅसल येथील संशोधकांनी याच विषयावर काम केले, ते २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. सुरक्षितपणे बाहेर फिरता यावे यासाठी काय हवे, हे त्यांनी शुभार्थी आणि शुभंकर या दोघांनाही विचारले, त्यांच्याबरोबर बसून नमुने आखले आणि ते पुन्हा त्यांच्याच हाती देऊन सुधारले. त्यातून दंडावर बांधायची एक पट्टी आणि एक इलेक्ट्रॉनिक वही असे दोन नमुने आकाराला आले.

तुमच्या मुलीने विजेच्या भागांना हात लावण्यापूर्वी पुठ्ठा, लाकूड आणि कापड यांचे नमुने करावेत. गळ्यातले पदक, साडीला लावायची पिन, कमरेला खोचायचा बटवा, छत्रीची मूठ, फुलांच्या पिशवीचा बंद असे पाचसहा प्रकार आजीपुढे ठेवावेत आणि तिला ते हाताळू द्यावेत. कोणता नमुना ती सहज उचलते, कोणता बाजूला सारते, बटव्यात लगेच सुटे पैसे ठेवते का, हे पाहावे. माझा कल बटव्याकडे किंवा फुलांच्या पिशवीकडे आहे, कारण घराबाहेर पडताना ती वस्तू घेण्याची सवय आधीपासून आहे आणि नवीन काही लक्षात ठेवावे लागत नाही. परंतु माझ्या कलाला येथे महत्त्व नाही. उपकरणावर काही अक्षरे उमटणार असतील, तर ती वाक्ये आजीला तपासायला द्यावीत, हातात लाल पेन देऊन. शिक्षिका म्हणून तिला दिलेला मान आणि तिच्याकडून मिळणारी दुरुस्ती या दोन्ही गोष्टी खऱ्या असतील.

वेळ सकाळची निवडावी. संध्याकाळी अनेक शुभार्थींची अस्वस्थता वाढते. चष्मा आणि कानाचे यंत्र लावलेले असावे, दूरचित्रवाणी बंद असावी, आणि एका वेळी एकच प्रश्न विचारावा.

हा प्रकल्प पूर्ण होईपर्यंतची व्यवस्था मात्र आजच करावी. बटव्यात नाव आणि दोन फोन क्रमांक लिहिलेले कार्ड ठेवावे. फुलवाली, मंदिरातील पुजारी, इमारतीचा पहारेकरी आणि नाक्यावरचे रिक्षावाले यांना, सासूबाईंना सांगून आणि शक्यतो त्यांच्या समक्ष, विश्वासात घ्यावे. कोणतेही ठावठिकाणा दाखवणारे साधन बॅटरीवर आणि नेटवर्कवर चालते, दाट इमारतींच्या गल्लीत ते बऱ्याच मीटरांनी चुकू शकते. तलावपाळीवर रोज बसणारी माणसे त्या मानाने अधिक भरवशाची आहेत.

प्रश्न : महापे येथील आमच्या छोट्या कंपनीत आम्ही स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तींसाठी औषधांची आठवण करून देणारे अ‍ॅप तयार केले आहे. डॉक्टरांशी आणि चाळीस नातेवाईकांशी बोलून ते बनवले. आता प्रत्यक्ष व्यक्तींबरोबर चाचणी करायची आहे. किती व्यक्ती घ्याव्यात, संमती कोणाची घ्यावी, मानधन द्यावे का? (एक अभियंता, नवी मुंबई)

उत्तर : आपण विचारलेत ही चांगली गोष्ट आहे, तरीही स्पष्ट सांगते, की आपण उशिरा विचारले आहे. वस्तू तयार झाल्यावर शुभार्थीकडे गेले, की त्यांच्या हाती केवळ ‘आवडले’ किंवा ‘नाही आवडले’ एवढेच उरते. औषध विसरणे हीच त्यांची अडचण आहे का, हे त्यांना कोणी विचारलेच नाही. गोळी घेण्याचे आठवते, पण पाकीट फोडता येत नाही. किंवा घेतली की नाही याची खात्री नसल्याने ती दुसऱ्यांदा घेतली जाते. किंवा गोळीने मळमळते म्हणून ती मुद्दाम टाळली जाते, अशी कारणे मी घराघरांतून ऐकली आहेत. यांतल्या पहिल्या आणि तिसऱ्या कारणावर आठवण करून देणाऱ्या अ‍ॅपचा काहीच उपयोग नाही, आणि दुसऱ्या बाबतीत तर ‘औषध घ्या’ अशी वारंवार होणारी सूचना अपायही करू शकते.

ज्यांना वस्तू वापरायची त्यांनी ती घडवण्यात भाग घ्यावा, हा विचार नवा नाही. १९७० च्या दशकात स्कँडिनेव्हियात कामगार संघटनांनी असा आग्रह धरला, की कारखान्यात येणारी संगणकप्रणाली कामगारांच्या सहभागाने आखली जावी. अपंगांच्या चळवळीने ‘आमच्याविषयी जे काही ठरेल, ते आम्हाला वगळून नको’ ही घोषणा जगभर नेली. स्मृतिभ्रंशाच्या क्षेत्रात २००२ मध्ये स्कॉटलंडमध्ये शुभार्थींनीच चालवलेला एक कार्यगट उभा राहिला आणि २०१४ मध्ये ‘डिमेन्शिया अलायन्स इंटरनॅशनल’ ही संस्था स्थापन झाली, जिचे सभासद स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीच आहेत. भारतात या आजाराविषयी काम करणारी ‘अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया’ १९९२ पासून कार्यरत आहे. आपल्याकडे साठीपुढील लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख व्यक्ती, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पातळीवरील अभ्यासाने दिला. इतक्या लोकांसाठी वस्तू बनवताना त्यांच्यापैकी एकाशीही न बोलता चाळीस नातेवाईकांशी बोलणे पुरेसे वाटते, याचे कारण ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्या सर्वांच्या मनात खोल बसलेली आहे.

संख्येविषयी : साठ जणांना एकदा भेटण्यापेक्षा सहा जणांना दहा वेळा भेटा. पहिल्या भेटीत शुभार्थी पाहुण्याच्या मनाप्रमाणे बोलतात, ‘छान आहे हो’ म्हणतात आणि चहा घ्यायला लावतात. चौथ्या भेटीत फोन उलटा ठेवतात, आणि तेव्हा आपल्याला खरे काही कळते. भेट त्यांच्या घरी किंवा ओळखीच्या विरंगुळा केंद्रात घ्या, तुमच्या कार्यालयातील काचेच्या खोलीत नको. प्रत्येक वेळी तीच दोन माणसे जावीत, छातीवर ठळक देवनागरी अक्षरांत नाव असावे, आणि पाऊण तासाच्या पुढे बसू नये. शुभंकर शेजारी असले की तेच उत्तरे देऊ लागतात. तो त्यांचा दोष नाही, वर्षानुवर्षांची सवय असते. एका सहकाऱ्याने शुभंकरांशी दुसऱ्या खोलीत, त्यांच्या स्वतःच्या अडचणींविषयी, तितक्याच आस्थेने बोलावे.

सहा जण कोण, हेही पाहा. वाशीच्या किंवा सीवूड्सच्या सदनिकांतले, इंग्रजी वाचणारे निवृत्त अधिकारी सहज मिळतील. परंतु घणसोली, कोपरखैरणे, दिवाळे या मूळ गावांतल्या, आगरी किंवा कोळी बोली बोलणाऱ्या, शाळेत न गेलेल्या आजींनाही हा आजार होतो. आजार वाढतो तसे अनेकांचे नंतर शिकलेल्या भाषांवरील प्रभुत्व आधी कमी होते आणि पहिली भाषा उरते. ‘कृपया आपले निर्धारित औषध ग्रहण करा’ असे बोलणारा फोन त्यांच्या दृष्टीने परक्या भाषेत बोलतो. पडद्यावरच्या तीन आडव्या रेषा म्हणजे यादी, हा संकेतही त्यांना कोणी कधी शिकवलेला नाही.

संमतीविषयी विस्ताराने सांगते, कारण येथे बहुतेक जण चुकतात. निदान झाले म्हणजे निर्णय घेण्याची क्षमता संपली, असे कायदाही मानत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा उपचारांच्या संदर्भात आहे, तरी त्यातील निकष आपल्यालाही मार्गदर्शक आहेत : माहिती समजते का, निर्णयाचे परिणाम उमगतात का, आणि तो निर्णय बोलून, हावभावाने, खुणेने किंवा अन्य मार्गाने कळवता येतो का. क्षमता ही निर्णयागणिक आणि दिवसागणिक वेगळी असते. जमिनीचा व्यवहार न समजणाऱ्या व्यक्तीला, या मुलांना आज घरात घ्यायचे की नाही, हे पूर्ण समजू शकते. म्हणून संमतिपत्र एका पानाचे, मोठ्या अक्षरांचे, चित्रांसह करा. मोठ्याने वाचून दाखवा. आणि ‘आम्ही कशासाठी आलो आहोत, ते तुमच्या शब्दांत सांगाल का?’ असे विचारा. जेथे व्यक्तीला हे पेलत नाही, तेथे कायदेशीर प्रतिनिधीची संमती लागते. तुमची चाचणी आरोग्यविषयक संशोधन या स्वरूपाची असेल, तर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार नैतिकता समितीची मान्यताही घ्यावी लागते. परंतु प्रतिनिधीने सही केली तरी शुभार्थीचा नकार हा नकारच असतो. त्यांनी तोंड फिरवले, उठून आत गेल्या, ‘पुरे आता’ म्हटले, की त्या दिवसाचे काम संपले. आणि ही विचारणा प्रत्येक भेटीच्या आरंभी नव्याने करायची असते.

मानधन अवश्य द्यावे, आणि ते शुभार्थीच्या हातात द्यावे. अनेक वर्षांत प्रथमच आपल्या श्रमाचे पैसे हाती आले, तर त्या पाकिटाचे घरातले वजन आकड्याहून कितीतरी मोठे असते. रिक्षाभाडे वेगळे. काम संपल्यावर, त्यांच्या कोणत्या सूचनेमुळे काय बदलले, ते त्यांना नेऊन दाखवा. चाचणीचा काळ संपला म्हणून, ज्याची सवय लागली ते साधन एका दिवशी उचलून नेऊ नका; त्याची व्यवस्था आरंभीच ठरवा. गोळा केलेली माहिती कोठे राहणार आणि कधी पुसली जाणार, हेही त्याच एका पानावर असावे.

प्रश्न : मी नेरूळला राहतो. वय ६९. निवृत्त लेखापाल. दीड वर्षापूर्वी मला अल्झायमरचे निदान झाले. हे पत्र मी सांगितले आणि पत्नीने लिहिले, दोन दिवस लागले. मुलाने पुण्याहून येऊन बैठकीत आणि स्वयंपाकघरात कॅमेरे लावले. मला गॅसला हात लावू देत नाहीत, कारण दोनदा चहा उतू जाऊन गॅस चालू राहिला. मुलगा चांगला आहे, त्याला काळजी वाटते हे मला कळते. पण पहाटे पाच वाजता स्वतःचा चहा स्वतः करणे हे माझे आहे. मला कोणी काही विचारले नाही. आजार झाला म्हणजे मत संपले का?

उत्तर : नाही, संपले नाही. दोन दिवस घेऊन आपण जे सांगितलेत, ते इतके नेमके आहे की उपकरण बनवणाऱ्या कोणालाही याहून चांगली मागणी लिहून देता येणार नाही. पहाटे पाचचा, स्वतःच्या हातचा चहा, आणि गॅस चालू राहणार नाही अशी व्यवस्था. आपल्या मुलाने ‘बाबा सुरक्षित कसे राहतील?’ हा प्रश्न सोडवला. ‘बाबांचा चहा सुरक्षितपणे कसा होईल?’ हा प्रश्न सोडवायचा राहिला आहे, आणि तो सुटण्यासारखा आहे.

ठरावीक मिनिटांनी गॅस बंद करणारे, बटणाजवळ किंवा नळीवर बसणारे साधन मिळते. ते अधिकृत गॅस तंत्रज्ञाकडून तपासून बसवून घ्यावे लागते. युरोपात २००१ च्या सुमारास सुरू झालेल्या ‘एनेबल’ या संशोधन प्रकल्पात ज्या मोजक्या साधनांची शुभार्थींच्या घरी पारख झाली, त्यांत शेगडीवर लक्ष ठेवणारे साधन होते; म्हणजे आपली गरज जगात अनेकांची आहे. दुसरा पर्याय विजेवर चालणारी इंडक्शन शेगडी. ती भांडे उचलताच थांबते आणि बहुतेक प्रकारांत वेळ लावून ठेवता येते. मात्र तिच्यात ज्योत दिसत नाही, आणि ‘चालू आहे की बंद’ हे डोळ्यांना कळत नसल्याने काही जणांना ती गोंधळात टाकते. म्हणून निवड आपण स्वतः करा. दोन्ही प्रकार पत्नीसमोर आठवडाभर वापरून पाहा, आणि हे लवकर करा, कारण नवी सवय हातांना लावून घेण्यासाठी आजचा काळ पुढच्या वर्षापेक्षा अनुकूल आहे. दर वेळी त्याच क्रमाने, तेच पातेले, तीच जागा, आणि चूक होण्याआधीच पत्नीने पुढची पायरी दाखवणे, अशा रीतीने शिकलेले अधिक टिकते.

कॅमेऱ्याविषयी मुलाशी बोलताना आपण तीन गोष्टी विचाराव्यात, असे मला वाटते : हे चित्र कोण पाहतो, किती दिवस साठते, आणि नेमकी कोणती भीती टाळण्यासाठी ते आहे. भीती गॅसची असेल तर गॅसचे साधन बसल्यावर स्वयंपाकघरातला कॅमेरा निघू शकतो. भीती पडण्याची असेल, तर चित्र न टिपता केवळ हालचाल ओळखणारी साधनेही असतात. मुलाला आपण हेही सांगू शकता, की एखादा निर्णय इतरांना चुकीचा वाटतो, एवढ्यावरून तो घेणाऱ्याची क्षमता नाही असे ठरत नाही, हे मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचारांच्या बाबतीत शब्दांत मांडले आहे. आणि २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदाही कायदेशीर पालकाची (गार्डियनची) गरज पडली तर परस्परविश्वासाने, दोघांनी मिळून घेतलेल्या निर्णयाचीच भाषा करतो. मुलाची काळजी खरी आहे, हे आपण स्वतःच लिहिले आहे. त्यामुळे हे बोलणे भांडणाचे होणार नाही, असा माझा विश्वास आहे.

एक विनंती आहे. पुढे काय चालेल आणि काय चालणार नाही, हे आत्ताच एका वहीत आपल्या शब्दांत लिहून, तारीख घालून ठेवा : कोणत्या खोलीत कॅमेरा कधीही नको, ठावठिकाणा कोणाला कळलेला चालेल, कोणाच्या आवाजातली सूचना आवडेल. पुढे शब्द कमी पडू लागले, तर घरच्यांना ही वही लागेल. आणि मनात असेल, तर परिसरातल्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना आपल्या स्वयंपाकघरात बोलवा. हिशेबातली चूक शोधण्यात आयुष्य गेलेला तपासनीस त्यांना सहसा मिळत नाही.

प्रश्न : घोडबंदर रस्त्यावर आमच्याकडे बोलणारा स्पीकर आहे. त्यात मुलीचा आवाज भरून वडिलांना जेवणाची वेळ सांगतो. ते ‘ती कुठे आहे?’ म्हणून घरभर शोधतात. काय करावे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : तो आवाज बंद करावा. काहींना ओळखीच्या आवाजाने धीर येतो, आपल्या वडिलांना त्यातून मुलगी हरवल्याचे दुःख होते, आणि शोधाशोध करून त्यांनी ते सांगितले आहे. आवाजाऐवजी जेवणाच्या वेळी ताट मांडल्याचा आवाज, वरणाला दिलेल्या फोडणीचा वास, किंवा वार आणि ‘सकाळ’, ‘दुपार’ एवढेच ठळक दाखवणारे घड्याळ वापरून पाहावे. त्या घड्याळावर तिथी हवी का, हे त्यांना विचारावे. भिंतीवरच्या कालनिर्णयात रोज तिथी पाहण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांतल्या काहींना तारखेपेक्षा ‘आज चतुर्थी’ हे अधिक जवळचे वाटते.

प्रश्न : मी ठाण्यात एका वृद्धाश्रमात परिचारिका आहे. आमच्याकडे काही आजी-आजोबा आता बोलत नाहीत. महाविद्यालयातील मुले त्यांच्यासाठी, स्पर्श केल्यावर गाणे लागेल अशी उशी बनवत आहेत. ती म्हणतात, आम्ही यांना विचारणार कसे?

उत्तर : ज्यांना बोलता येत नाही त्यांना विचारण्याची भाषा आपल्याला येते, रोज घास भरवताना आपण ती वापरता. कोणत्या आजी कोणत्या आवाजाला पापण्या मिटतात, कोणत्या स्पर्शाने मूठ सैल होते, कोणाची मान कोणत्या बाजूला वळते, हे त्या मुलांना माहीत नाही आणि कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही. म्हणून आराखड्याच्या बैठकीत तुम्हाला आणि तुमच्या मदतनीस मावशींना खुर्ची मिळाली पाहिजे, केवळ चहा देण्यापुरते तेथे जायचे नाही.

मुलांनी प्रथम एकच उशी न आणता कापडाचे तुकडे आणावेत : जुन्या लुगड्याचे, घोंगडीचे, मखमलीचे, खादीचे. ते मांडीवर ठेवून शांत बसावे. बोटे कशावर फिरतात आणि कशावरून उचलली जातात, तेच उत्तर. उशीचा रंग गादीच्या रंगाहून पुरेसा वेगळा असावा, नाहीतर ती त्यांना दिसणारच नाही. संगीत ओळखण्याची आणि त्यातून सुख घेण्याची शक्ती आजाराच्या पुढच्या अवस्थेतही बऱ्याच जणांत टिकते. परंतु सर्वांना एकच भक्तिगीत लावणे म्हणजे विचारणे नव्हे. कोणी भजनात वाढले, कोणी नाट्यगीतांत, कोणी लावणीच्या फडात, आणि कोणाला गाण्यापेक्षा समुद्राची गाज आवडते.

एक साधी वही करावी. प्रत्येक आजी-आजोबांसाठी दोन पाने, त्यावर तारीख, वेळ, काय समोर ठेवले आणि शरीराने काय सांगितले, एवढेच लिहावे. श्वास जलद झाला, भुवया आक्रसल्या, हात मागे घेतला, असे काही दिसताच उशी उचलावी आणि तेही नोंदवावे. पुन्हा विचारायचे तर दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या वेळी. दोन आठवड्यांची वही मुलांच्या हाती द्यावी आणि त्यानंतरच त्यांनी शिवणयंत्रावर बसावे.